जास्तीचा गणपती

मी संशयी आहे. नवरा होता तोवर तो रोज सांगायचा, आता सून सांगते. दूधवाल्याने लागोपाठ चार दिवस चांगलं दूध घातलं की मला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे. पण हा स्वभाव मी लग्न होऊन रोह्याला येताना माहेरून बरोबर आणला, आणि माहेरी तो सगळ्यांचाच होता, त्यामुळे तिकडे त्याला कोणी नाव ठेवत नसे. हमरापूरची आमची आळी म्हणजे एका मापाच्या पडव्या, एका रंगाची दारं आणि एका चवीची आमटी. कोणाकडे आज काय शिजलंय हे विचारावं लागत नसे. आपल्याकडे शिजलंय तेच. श्रावणात मासळी बंद झाली की अख्ख्या आळीला वालाच्या बिरड्याचा वास यायचा आणि गौरीच्या तिखट्या सणाला अख्खी आळी एकदमच मासळीवर यायची. दिवाळीला माझे मोठे काका, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, पेणच्या बाजारातून एक अख्खा तागा आणायचे. त्यात आम्हा पोरींचे परकर, पोरांचे सदरे, आणि उरलं तर उशीचे अभ्रे. शेजारच्या घरीही त्याच दुकानातला तोच तागा आलेला असायचा, त्यामुळे दिवाळीच्या सकाळी आळीत कोण कोणाचं पोर ते लांबून ओळखता यायचं नाही. मत कोणाला द्यायचं तेसुद्धा गावकी आदल्या दिवशी देवळात बसून ठरवायची आणि माणसं रांगेने जाऊन शिक्का मारून यायची. अशा जागी माणूस दुसऱ्याकडे बघतो तो एवढ्यासाठीच, की हा अजून आपल्यासारखाच आहे ना. अवेळी कोणाच्या कौलांतून धूर निघाला तरी दोन बाया विस्तव मागायचं निमित्त काढून आत डोकावून यायच्या.

आमच्या घरी गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पुढच्या अंगणात घातलेला मोठा मांडव, त्यात फळ्यांच्या रांगा आणि रांगांवर देव. पेणला नाव आहे ते आमच्यासारख्या घरांमुळे, असं आबा म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. शाडूची माती भिजवायची, मळायची, साच्यात दाबायची, सुकली की पॉलिश पेपरने घासायची. तो घासण्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, उंदराने कणगी कुरतडावी तसा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. घासणं, पांढरा हात देणं, पितांबर रंगवणं ही कामं घरातल्या बायका आणि आम्ही पोरी करायचो. डोळे मात्र आबांचे. डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. आखणी झाली नाही तोवर ती माती, आणि झाली की देव, इतका साधा हिशोब होता. माझे वडील मधले भाऊ. ते आबांच्या शब्दाबाहेर नव्हते आणि रंगाच्या डब्यांपलीकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही.

विकायच्या मूर्ती मुंबईला जायच्या, त्या तऱ्हेतऱ्हेच्या असायच्या. पण आळीतल्या घरोघरच्या गणपतींचं वेगळं होतं. ते सगळे एका साच्यातले, एका उंचीचे, पिवळ्या पितांबराचे. कोणाचा बाप्पा मोठा आणि कोणाचा लहान, यावरून मागे कधीतरी म्हणे मारामारी झाली होती, तेव्हा गावकीने हा नियम घालून दिला. ती मूर्ती आमच्याच कारखान्यात व्हायची. त्यांची आखणी आबा सगळ्यात शेवटी, अंघोळ करून, उपास धरून करायचे. आणि या आळीच्या गणपतींचे डोळे एकदा उघडले की मूर्ती पूजेवाचून ठेवायची नाही, असा दंडक होता. विकायची मूर्ती उरली तर पुढच्या वर्षी खपायची. आळीची मूर्ती उरायची सोयच नव्हती, कारण जेवढ्या चुली तेवढेच गणपती. एकत्र घराला एकच. वेगळा गणपती म्हणजे वेगळी चूल, आणि वेगळी चूल म्हणजे वाटणी, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळायचं.

आता त्याच मांडवाच्या जागी भाच्याने पत्र्याची शेड घातली आहे. एक भाचा डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो आणि दुसरा कारखाना बघतो. गिऱ्हाईक येतं ते मोबाईल पुढे करूनच. हा फोटो बघा, असा पाहिजे, फेटा जांभळा, धोतर खरं कापडाचं. भाचा म्हणतो, आत्या, आता ज्याची त्याची चॉइस. मी गेल्या भाद्रपदात तिथे खुर्ची टाकून बसले होते, आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की दर तिसरा माणूस तोच फोटो दाखवतोय. मी भाच्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, असू दे ना, प्रत्येकाने आपापला निवडलाय. मला काही पटलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. पण ते असो.

सांगायचं आहे ते विमलकाकूचं. माझे धाकटे काका होडी उलटून खाडीत गेले तेव्हा काकूच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पोरबाळ नव्हतं. ती मूळची रोह्याची, आणि आमच्या घरात तिची ओळख शेवटपर्यंत 'रोह्याची' अशीच राहिली. रोहा आमच्यापासून एसटीने काही फार लांब नव्हतं, पण आई ते नाव असं घ्यायची जसं काही तिकडची माणसं पाण्याऐवजी रॉकेल पितात. काकूचं सगळंच निराळं. चहा बिनदुधाचा. भाकरी थापताना गुणगुणणं. कोणी आलं की आपण होऊन पुढे येऊन बोलणं. काका गेल्यावर गुणगुणणं थांबलं आणि ती मागच्या पडवीत राहायला गेली, म्हणजे तिला तिथे ठेवली. गणपतीच्या दिवसांत तर ती पुढच्या खोलीत यायचीच नाही. एकवीस मोदकांची उकड तीच काढायची, तिच्यासारख्या बारीक कळ्या आळीत कोणाला पाडता येत नसत, ऋषीची भाजी तिच्याच हातची. पण ताट दारापर्यंत आणून द्यायचं आणि मागे फिरायचं. आरती चालू असताना मी मागे वळून बघितलं की स्वयंपाकघराच्या अंधारात तिचे हात टाळी वाजवताना दिसायचे, आवाज न करता.

त्या वर्षी काकू दर पंधरा दिवसांनी माहेरी जायला लागली. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी परत. झालं, घरात शंकेची पाल चुकचुकली, आणि गंमत अशी की प्रत्येकाची पाल वेगळी. आईला वाटायचं, तिकडे कोणीतरी बघून ठेवलाय, पाट लावून निघून जाईल आणि मोदकांचं ओझं माझ्या गळ्यात पडेल. आबांना वाटायचं, माहेरचे वाटणी मागायला शिकवतायत. धाकट्या भावाचा हिस्सा, म्हणजे कारखान्यातला आणि खाडीलगतच्या खाजणातल्या जमिनीतला, रीतीने तिच्याकडेच येत होता आणि ते आबांच्या डोक्यातून कधीच जात नसणार. आणि मला वाटायचं, ही माती चोरते. कारण मातीचा ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेला असायचा, आणि दुपारी सगळे पडले की तो किंचित कमी व्हायचा. मी डोळ्यात तेल घालून पाहत होते. गोणपाटाची घडी मी एका ठराविक तऱ्हेने घालून ठेवायचे आणि चहाच्या वेळेला ती बदललेली असायची. कोणाला सांगितलं नाही. आपला संशय आपल्याजवळ ठेवण्यात एक मजा असते, ती वाटली की जाते.

एकदा आईने मला काकूबरोबर रोह्याला धाडलं. पोरीला तेवढीच हवापालट, असं तोंडाने म्हणाली आणि वेणी घालताना कानात सांगितलं, कुठे जाते, कोणाशी बोलते, सगळं बघून ये. मी एसटीत खिडकीशी बसून काकूलाच बघत होते. रोह्याला उतरल्यावर ती मला घरी नेण्याआधी बाजारात एका कापडाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने ताग्यावर तागे उलगडले. काकूने हात लावून बघितले, बाजूला सारले, परत मागवले. आमच्या घरातल्या बाईला मी कधी असं करताना पाहिलं नव्हतं. आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला कुठला आवडतो गो?"

आज हे सांगितलं तर नात हसते. तिला दिवसात दहा वेळा हा प्रश्न विचारतात, आईस्क्रीमपासून कॉलेजपर्यंत. मला तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही मला फितवते. आता मी एखादा रंग बोलले की हिने ते कापड मला घेतलंच, आणि मग घरी गेल्यावर मी काहीच सांगायचं नाही असा याचा अर्थ. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि आमच्या दिवाळीच्या ताग्यासारखा हिरवा होता त्याच्याकडे बोट केलं. काकूला हसू आलं. "तो तुझ्या आबांना आवडतो," ती म्हणाली, "तुला काय ते विचारलं." मग मला रडूच यायला लागलं, कारण खरंच मला माहीत नव्हतं. तिने पुढे ताणलं नाही. स्वतःसाठी गडद निळ्या रंगाचा एक तुकडा फाडून घेतला आणि आम्ही तिच्या माहेरी जाऊन पोहे खाल्ले. तिथे कोणी पुरुष आला नाही, वाटणीची गोष्ट निघाली नाही. काकू ओसरीवर पाय पसरून, दुसऱ्याने केलेला चहा पीत पेपर वाचत बसली. बस्स, एवढंच करायला ती रोह्याला जायची. मी आईला सगळं सांगितलं, निळ्या तुकड्यासकट. आई म्हणाली, विधवा बाईला निळं कापड कशाला गो, आणि तिचा संशय होता त्याहून दुप्पट झाला.

मातीचं कोडं मला आखणीच्या दिवशी सुटलं. आळीच्या मूर्ती फळीवर ओळीने मांडल्या होत्या. आबा पहाटे अंघोळ करून, ओल्या अंगाने, कोऱ्या पंच्यात बसले. एका मूर्तीवरून दुसरीवर सरकायचं, श्वास रोखायचा, रेघ ओढायची, बाहुली भरायची. बोलायचं कोणी नाही. मी मागे उभी राहून त्यांना रंगाची वाटी पुढे करत होते आणि सवयीने ओळीवरून नजर फिरवत होते. सगळे सारखे. पण एका मूर्तीच्या पायाशी बसलेला उंदीर उलटा होता. साच्यातून उंदीर सुटा निघायचा आणि मग चिकटवायचा. ते काम काकूचं. बाकीच्या सगळ्या मूर्तींचे उंदीर आपल्याकडे, माणसांकडे तोंड करून बसले होते. या एकाचं तोंड देवाकडे होतं. मी मान वर केली तर मागच्या दाराच्या चौकटीत काकू उभी. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. माती कुठे जात होती ते मला तेवढ्यात कळलं, आणि आबा सरकत सरकत त्या मूर्तीपाशी आले, श्वास रोखला आणि डोळे काढले. मी वाटी धरून गप्प राहिले. का, असं विचाराल तर सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मला कोणी न विचारता मी काहीतरी ठरवलं होतं, हे मला जाणवलं.

दुसऱ्या दिवशी घरोघरची माणसं पाट घेऊन आली आणि आपापला गणपती घेऊन गेली. आमचा आत गेला. फळीवर एक राहिला. आबांनी परत सगळी घरं बोटांवर मोजली, माझ्या वडिलांना मोजायला लावलं. ज्या घरात सुतक होतं तिथे विचारून आले. मग काकू पुढे आली, पुढच्या अंगणात, भर माणसांत, आणि म्हणाली की तो जास्तीचा नाय, तो माझा आहे, मी केलाय, आणि मी तो माझ्या पडवीत बसवणार आहे.

तिन्हीसांजेला गावकी देवळात बसली. बायकांना वर जायची परवानगी नव्हती, म्हणून काकू पायऱ्यांच्या खाली उभी होती आणि आम्ही बाकीच्या समोरच्या पडव्यांतून ऐकत होतो. पाऊस थांबला होता, त्यामुळे शब्द न शब्द कळत होता. गावकीचे म्होरके हिराजीनाना. त्यांनी आधी दटावून बघितलं, मग समजावून. एकाने सुचवलं की मूर्ती आताच्या आता खाडीत सोडून या, विषय संपला. पण डोळे उघडलेला देव, पूजा नाही, नैवेद्य नाही, असा पाण्यात नेऊन टाकायला कोणाचा हात धजेना. अख्ख्या घराला वाळीत टाकायचं तर ते आबांचं घर, आणि डोळे काढणारेही आबाच. मग आबा उठून नानांच्या कानाशी लागले. ते काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही.

नाना खाकरले. "विमल, असं बग," ते म्हणाले, "वेगळा गणपती म्हंजे वेगळी चूल. आज तू देव मागतेस, उद्या निम्मा कारखाना मागशील, परवा खाजण. तुला देव पायजे का हिस्सा, एक काय ते सांग."

मला आठवतं, आई माझ्या शेजारी उभी होती आणि हळूच म्हणाली, बघ, आता कळेल हिच्या मनात काय आहे ते. अख्खी आळी त्यासाठीच श्वास रोखून उभी होती. काकू हिस्सा म्हणाली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आपला संशय खरा ठरला म्हणून.

काकू म्हणाली, "पाच दिवस देव घरात असतो. मी त्याचा नैवेद्य रांधते आणि पाठीमागं बसते. त्याचं तोंड मी लग्न झाल्या वर्षी बघितलं, त्यानंतर नाय. मला त्याच्यासमोर बसायचं हाय. हिस्सा तुमचा तुम्हाला ऱ्हाऊ द्या." आणि तिने वाकून देवळाच्या खालच्या पायरीला हात लावला. पायरीला हात लावून बोललेलं आमच्याकडे फिरवता येत नाही. सरकारी कागदापेक्षा ते पक्कं.

मग ठरलं असं की तिने मूर्ती मागच्या पडवीत बसवावी, राहायला ती पडवी तिला, बाकी कशावर हक्क नाही. आणि तिच्या आरतीला आळी जाणार नाही. एका फटक्यात गणपती तिच्याकडे आला आणि कारखाना आबांकडे राहिला. माणसं घरोघर गेली. आबा घरी येऊन, पाय धुऊन, दोन भाकऱ्या जास्त जेवले.

इथे माझं डोकं फिरतं, आजही. आबांसारखा माणूस, जो मूर्तीच्या गालावर केसाएवढा ओरखडा लांबून हेरायचा, त्याला उलटा बसलेला उंदीर दिसला नाही? सगळ्या मूर्ती सारख्याच असतात म्हणून माणूस बघायचा थांबतो, हे मला मान्य आहे. तशी चूक आमच्यासारख्याच घरात होणार. पण मला वाटतं त्यांनी पाहिला. पाहिला आणि मुद्दाम डोळे काढले, कारण पुढे काय होणार हे त्यांनी ताडलं होतं. बाई देव मागेल, आणि देवाच्या बदल्यात हिस्सा सोडेल. एक दिवस असं वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही, गेलेल्या भावाची बायको वर्षानुवर्षं अंधारात टाळ्या वाजवते हे त्यांनाही दिसत होतं, उघडपणे देता येत नव्हतं म्हणून त्यांनी चुकीच्या आडून दिलं, आणि हिश्श्याची अट नानांच्या कानात घातली ती गावकीने तिला वाळीत टाकू नये म्हणून. आबांनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढे काकू रोह्याला येऊन राहिली, पापड लाटून विकायची, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा मी एकदा धीर करून विचारलं, काकू, आबांनी बघून काढले का गो डोळे? ती पापड उलटत म्हणाली, "ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला डोळे पायजे होते, ते मिळाले." मी म्हटलं, अगं पण केवढा हिस्सा गेला. तर म्हणाली, तू फार विचार करतेस, तूप संपलंय ते आण.

त्या वर्षीच्या चतुर्थीला आरतीचा घोळका नेहमीसारखा घरोघर फिरत निघाला. झांजा, टाळ, पोरांचा कालवा. आमच्या घरची आरती झाली, प्रसाद झाला, आणि घोळका मागच्या पडवीला वळसा घालून पुढच्या घरी गेला. झांजांचा आवाज लांब गेल्यावर मागून एकटा आवाज यायला लागला. काकू आरती म्हणत होती. एकट्या बाईचा आवाज, टाळ नाही, घंटी नाही, आणि मधे मधे चुकत होती, कारण शब्द तिला मागे बसून ऐकलेले तेवढेच माहीत. मला इतकं वाईट वाटलं की प्रसादाचा मोदक हातात तसाच राहिला. आई चुलीपुढे बसली होती. तिने कान टवकारले. म्हणाली, दुसरा कोणाचा आवाज येतोय का गो? मी म्हटलं, नाही. नाही कसं, ती म्हणाली, एवढ्या जोरात कोणाला ऐकवायला म्हणते ती, नक्की आत कोणीतरी आहे, मी बघूनच येते. आणि हात पुसत, मागच्या दाराने, दबकत गेली. मी वाट बघत राहिले. आरती पुढच्या कडव्याला गेली आणि आवाज एकाचे दोन झाले. माझी आई, जिने आयुष्यात आळीच्या पाऊलवाटेबाहेर पाय टाकला नाही, ती काकूला शब्द सांगत होती. मीही गेले. पाटावर तो निळा तुकडा अंथरलेला होता, त्यावर काकूचा गणपती, आणि आई त्याच्यासमोर डोळे मिटून बसलेली. बाहेर आल्यावर मात्र मला दटावून म्हणाली, कोणी नव्हतं, खात्री केली, आणि हे आबांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत खात्री करायला गेली. आणि तिसऱ्याही दिवशी गेली.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला भरतीची वेळ साधावी लागते. खाडीला पाणी चढायला लागलं की आळीतले सगळे गणपती एकदम निघायचे, बांधावरून एका रांगेत, पुरुषांच्या डोक्यावर. बायका दारातूनच ओवाळायच्या. काकूचा गणपती कोण नेणार याची चर्चा आळीत पाच दिवस चालली होती. कोणीतरी रोह्याहून येणार, मग कळेल, असं बोललं जात होतं. कोणी आलं नाही. रांग निघाली, आणि तिच्या शेवटी, बरंच अंतर सोडून, काकू स्वतः निघाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर देव. रोज पाण्याचे हंडे वाहिलेली मान ती, जरासुद्धा हलत नव्हती. मी आईकडे बघितलं. आईने मला जा असं म्हटलं नाही, पण थांबही म्हटलं नाही, आणि मी धावत जाऊन काकूच्या मागे चालायला लागले. बांध निसरडा झाला होता. पुढून "मोरया" ऐकू येत होतं. आम्ही दोघी काहीच म्हणत नव्हतो, कारण मोरया म्हणायला समोर कोणीतरी लागतं. मग काकूनेच म्हटलं, आणि मी म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा बाकीचे गणपती पाण्यात गेले होते आणि माणसं काठावर कपडे पिळत होती. आबा अजून पाण्यातच होते, कमरेइतक्या. ते दोन पावलं काठाकडे आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, आण इकडं, मी सोडतो. अंगावरून पाणी निथळत होतं, तोंडावरून काही कळत नव्हतं. ते हात भावाच्या बायकोची दया येऊन पुढे आले होते, की तिच्याकडे उरलेलं एवढंसुद्धा आपल्या हातून व्हावं म्हणून, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि इतक्या वर्षांत आलेलं नाही. काकूला ठरवायला वेळ लागला नाही. "ऱ्हाऊ द्या भावजी," ती म्हणाली, "हा माझा हाय." आणि पदर खोचून, आबांच्या बाजूने, त्यांच्याहून पुढे पाण्यात गेली.